काचबिंदू वाढल्यावर काय करावे : थेंब की शस्त्रक्रिया?



माझं नाव ऐकल्यावर आपल्याला वाटलं असेल, आज सोयाबीनवरची खोडमाशी किंवा हरभऱ्यावरची मर असा काहीतरी विषय असणार. आज तो विषय नाही. आज मी डोळ्याबद्दल चार गोष्टी सांगणार आहे. मी शेतीचा पदवीधर आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. जे सांगणार आहे ते डोळ्यांच्या डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून, समजून घेतलेलं आहे. आणि विचारण्याची वेळ आली ती आमच्याच घरात, म्हणून बोलण्याचा थोडा अधिकार आहे असं मी समजतो.

सुलतानपूर आणि आसपासच्या गावांत फिरताना मला दर गावात निदान एक तरी म्हातारा माणूस असा भेटतो, ज्याच्या घरचे सांगतात, "बाबाचा एक डोळा गेला, मोतीबिंदू पिकून गेला." जरा खोलात शिरून विचारलं की पुष्कळदा कळतं, तो मोतीबिंदू नव्हताच, काचबिंदू होता. या दोन नावांचा घोळ आपल्याकडे फार आहे. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं भिंग बसवलं की बहुतेक वेळा दिसायला लागतं. काचबिंदूत मात्र डोळ्यामागची नस सुकते, आणि गेलेली नजर कुठल्याही उपायाने परत येत नाही. जळालेल्या मोटरीची वाइंडिंग आपण पुन्हा भरून आणतो. ही नस पुन्हा भरता येत नाही. जेवढी उरली तेवढी राखायची, एवढंच हातात असतं.

हे होतं कसं ते शेताच्या भाषेत सांगतो. आपल्या डोळ्यात पुढच्या भागात एक पाणी सतत तयार होत असतं. हे अश्रू नव्हेत. हे आतलं पाणी. जितकं तयार होतं तितकंच एका बारीक जाळीतून निघून जातं. जाळी मोकळी असली तर डोळ्यातला दाब बेताचा राहतो, साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा. आता ठिबकचा फिल्टर चोंदला म्हणजे काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. मोटर चालूच, पाणी पुढे जात नाही, आणि दाब वाढून कुठेतरी नळी सुटते. डोळ्याला सुटायला नळी नाही. तो दाब मागच्या नसेवर पडतो. त्या नसेत दहा-बारा लाख बारीक धागे आहेत. ते एकेक करून मरत जातात. काही लोकांत दाब २१ च्या आत असूनही नस सुकते, म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही, डॉक्टर नस पाहतात आणि बाजूची नजर तपासतात.

मुख्य घात असा की दुखत नाही. आणि नजर जाते ती कडेकडून. समोरचं दिसत राहतं. तासाच्या पार टोकावर उभा असलेला माणूस ओळखू येतो, पण पायाजवळचा दगड दिसत नाही. दुकानाची पाटी वाचता येते, बाजूने आलेली मोटारसायकल दिसत नाही. माणसाला वाटतं, माझी नजर चांगली आहे. तामिळनाडूतल्या खेड्यांत अरविंद नेत्र रुग्णालयाच्या डॉक्टरांनी चाळिशीच्या पुढच्या ५,१५० लोकांचे डोळे तपासले होते. त्याचा अहवाल २००३ साली आला. ज्यांना नेहमीच्या प्रकारचा काचबिंदू निघाला, त्यांतल्या शंभरापैकी त्र्याण्णव जणांना तोवर आपल्याला हा रोग आहे हेच माहीत नव्हतं. आपल्याकडचं चित्र फार निराळं असेल असं मला वाटत नाही.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना मोठे बाबा म्हणतो, वय आता सदुसष्ट. पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. तीन-चार वर्षांपासून ते धुऱ्यावर अडखळायचे. चहाचा कप ठेवायला जायचे तर बाजूला ठेवायचे. एकदा गोऱ्हा डाव्या अंगाने आला तो त्यांना दिसलाच नाही, बरगडीला मार बसला. आम्ही सगळे म्हणालो, वय झालं. मीही तेच म्हणालो. पिकाचं एक पान पिवळं पडलं तर खाली बसून पाहणारा माणूस मी, पण घरच्या माणसाकडे नीट पाहिलं नाही. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सोयाबीन काढणीच्या धुळीने त्यांचे डोळे खाजायचे, लाल व्हायचे. तालुक्याच्या गावी एका दुकानातून, कुठल्याही डॉक्टरची चिठ्ठी नसताना, मीच त्यांना थेंब आणून दिले होते. छान आराम पडला, म्हणून ते महिनोन्‌महिने टाकत राहिले. पुढे डॉक्टरांनी ती रिकामी बाटली पाहून सांगितलं की यात स्टेरॉइड आहे, आणि स्टेरॉइडचे थेंब जास्त दिवस टाकले तर कित्येकांचा डोळ्यातला दाब वाढतो. त्यांचा काचबिंदू त्यामुळेच झाला असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पण भर पडली असेल. तेव्हा बंधूंनो, डोळे खाजले म्हणून शेजाऱ्याची उरलेली बाटली, किंवा दुकानदाराने दिलेली बाटली, टाकू नका.

गावात शिबिर आलं तेव्हा मोठे बाबा मोतीबिंदू समजून तिथे गेले. तिथून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेलेली, उजव्यातही काचबिंदू पुढच्या पायरीला पोचलेला. दोन प्रकारचे थेंब लिहून दिले, रोज टाकायचे, कायमचे. महिनाभर टाकले. मग मृग लागला, पेरणी सुरू झाली आणि बाटल्या खुंटीला लटकल्या. मी विचारलं तर म्हणाले, "बापू, टाकून पाह्यलं. दिसण्यात काही फरक नाही पडला. मग कायले टाकू?"

इथेच बहुतेकांची चूक होते, म्हणून थांबून सांगतो. काचबिंदूच्या थेंबांनी दिसण्यात फरक पडणारच नसतो. ते नजर वाढवायला नाहीत. ते दाब खाली ठेवायला आहेत, म्हणजे उरलेली नजर जाऊ नये. बियाण्याला बुरशीनाशक चोळल्याने रोप दुप्पट वाढत नाही, ते मरत नाही इतकंच. हे समजून सांगितलं नाही तर माणूस औषध सोडणारच. आम्हाला कोणी समजावलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

सहा-सात महिन्यांनी पुन्हा नेलं तेव्हा उजव्या डोळ्याचा दाब २८ होता आणि कडेची नजर आणखी आत सरकली होती. डॉक्टर म्हणाले, आता दोन वाटा आहेत. तीन प्रकारचे थेंब न चुकता टाकायचे आणि वरचेवर तपासायचं, किंवा शस्त्रक्रिया करायची. विचार करून सांगा.

घरी आल्यावर रात्री जी चर्चा झाली ती मला अजून आठवते. मोठी आई म्हणाली, "एकच डोया राह्यला, त्याले बी चाकू लावता काय?" चुलतभाऊ म्हणाला, "एकदाचं ऑपरेशन करून टाकू, रोजची कटकट मिटेल." दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर होतं आणि अर्धं चूक. मोठे बाबा काहीच बोलले नाहीत, बिडी ओढत बसले. शेवटी मला म्हणाले, "तू साहेब हायेस, तू सांग." मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो आणि वही घेऊन बसलो.

पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी. रोग जितका पुढे गेला तितका दाब जास्त खाली आणावा लागतो. सुरुवातीच्या रोग्याला दाब अठरावर आला तरी चालून जातं. ज्याची नस बरीच सुकलेली आहे त्याला बारा-चौदाच्या घरात न्यावा लागतो, आणि तो तिथेच ठेवावा लागतो, दिवसा, रात्री, वर्षानुवर्षे. थेंबांनी इतका खाली येईल का, आणि तिथे टिकेल का, हा खरा प्रश्न.

दुसरी गोष्ट, थेंब चांगले की शस्त्रक्रिया चांगली याची नीट परीक्षा झालेली आहे. आपण कृषी विद्यापीठात दोन वाणांची तुलना शेजारी शेजारी वाफ्यांत करतो ना, तशीच. इंग्लंड-स्कॉटलंडकडच्या २७ रुग्णालयांनी मिळून ४५३ रुग्ण घेतले, सगळे नव्याने सापडलेले पण रोग पुढे गेलेले. चिठ्ठी टाकल्यासारखी त्यांची वाटणी केली. निम्म्यांना आधी शस्त्रक्रिया, निम्म्यांना आधी थेंब. दोन वर्षांनी, २०२१ साली, निकाल छापून आला. रोजच्या जगण्यात, वावरण्यात, दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. धोकाही शस्त्रक्रियेच्या गटात जास्त निघाला नाही, आणि लोकांना भीती असते ती नेमकी याचीच. दाब मात्र शस्त्रक्रियेच्या गटात जास्त खाली होता, साधारण साडेबारा, आणि थेंबांच्या गटात पंधरा. पाच वर्षांचा निकाल २०२४ साली आला. तेव्हाही दाबातला फरक तसाच होता, आणि कडेची नजर शस्त्रक्रिया झालेल्यांची कमी घटली होती. थेंबांच्या गटातल्या काही जणांना पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावीच लागली.

मी डॉक्टरांना म्हणालो, साहेब, तिकडच्या रुग्णाला दवाखाना जवळ, औषध वेळेवर. आमच्याकडे तसं नाही. ते हसले आणि म्हणाले, "म्हणूनच तर तुमच्याकडे थेंबांवर भरवसा ठेवणं जास्त अवघड."

हे मला पटलं. मी घरी येऊन हिशेब मांडला. थेंब टाकणार कोण? मोठ्या बाबांचा हात कापतो, अर्धे थेंब गालावर जातात. मोठ्या आईला चष्मा लावूनही बाटलीचं तोंड दिसत नाही. नातू टाकायचा, तो आता शिकायला चिखलीला गेला. सून पहाटे वावरात. तीन बाटल्या म्हणजे दिवसातून चार-पाच वेळा. त्यातली एक बाटली उघडण्याआधी फ्रीजमध्ये ठेवावी लागते, आणि आपल्याकडे वैशाखात बेचाळीस अंश. उघडलेली बाटली साधारण महिनाभरात टाकून द्यायची, नवी आणायची. दर महिन्याला नवी बाटली, आयुष्यभर. पाऊस लांबला, सोयाबीनचे भाव पडले, की घरात पहिल्यांदा कात्री कशाला लागते ते आपल्याला सांगायला नको. या हिशेबाने शस्त्रक्रियेचं पारडं जड झालं.

पण मोठ्या आईच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं होतं. एकच डोळा उरलाय, त्याला हात लावायचा का? डॉक्टरांनी ते उत्तर मोठ्या आईला समोर बसवून दिलं. शस्त्रक्रियेत धोका आहे, हे त्यांनी लपवलं नाही. क्वचित डोळ्यात रक्त उतरतं, कधी दाब गरजेपेक्षा फार खाली जातो, पुढे कधीही जंतूंचा संसर्ग होऊ शकतो. रोग अगदी शेवटच्या टोकाला असला तर फार थोड्यांची उरलेली नजरही जाऊ शकते. "पण आजी," ते म्हणाले, "हा डोळा असाच ठेवला तर तो जाणार हे मी तपासणीच्या कागदावर तुम्हाला दाखवू शकतो." आणि त्यांनी दोन कागद समोर ठेवले, आधीचा आणि आताचा. काळा भाग कडेकडून कसा आत आला होता ते मोठ्या आईला वाचता येत नसून समजलं.

शस्त्रक्रिया म्हणजे नेमकं काय करतात? आपलं पेनटाकळीचं धरण आठवा. धरण भरलं की जास्तीचं पाणी सांडव्यावरून जातं, भिंतीवर भार येत नाही. डोळ्याची मूळ जाळी चोंदलेली असते, म्हणून डॉक्टर वरच्या पापणीखाली डोळ्याच्या पांढऱ्या भागात एक लहानसा सांडवा काढतात. आतलं पाणी त्या वाटेने पातळ पडद्याखाली येतं आणि तिथून शोषलं जातं. तिथे एक छोटा फुगवटा दिसतो, पापणीखाली झाकलेला. ही पद्धत नवी नाही. १९६८ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या केर्न्स नावाच्या डॉक्टरांनी ती पहिल्यांदा मांडली आणि पुढे जगभर पसरली. अडचण एवढीच की शरीर हा सांडवा जखम समजून बुजवायला पाहतं, जसा आपला चर दोन पावसांत गाळाने भरतो. म्हणून त्या जागी औषध लावतात आणि सुरुवातीचे आठवडे वारंवार बोलावतात, टाका ढिला करतात, दाब मोजतात. डोळा बधिर करून करतात, भूल द्यावी लागत नाही, तासाभराचं काम.

म्हणजे चुलतभावाचं "एकदाचं करून टाकू" हेही खरं नव्हतं. ज्याला शस्त्रक्रियेनंतरच्या खेपा जमणार नाहीत त्याने आधी विचार करावा. आम्हाला दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याला, मग पंधरवड्याला असं जावं लागलं. जवळजवळ तीन महिने थेंबही टाकावे लागले, सूज आणि जंतू यांच्यासाठीचे. महिना-दीड महिना नजर धूसर होती. मोठे बाबा चिडले. मोतीबिंदूवाला शेजारी चौथ्या दिवशी पेपर वाचत होता, आणि यांना अंगणातली बकरी ओळखू येईना. आधी सांगून ठेवलेलं होतं म्हणून निभावलं.

वेळ कोणती धरायची यावर वाद झाला. ते म्हणत होते, "हरभरा निघू द्या, मंग पाहू." डॉक्टरांनी मान हलवली, दाब २८ असताना तीन महिने थांबायचं नाही. थेंब चालू ठेवून पौषातच तारीख घेतली. तुरीची कापणी मजुरांवर सोपवली, मळणी चुलतभावाने केली. थोडं नुकसान झालं, शेंगा फुटल्या. ते नुकसान पुढच्या वर्षी भरून काढता येतं. जिथे डॉक्टर थांबायला हरकत नाही म्हणतील तिथे पेरणी-काढणी टाळून तारीख धरणं चांगलं. शस्त्रक्रियेनंतर निदान महिनाभर तरी पोतं उचलणं, खाली डोकं घालून निंदणं, धुळीत मळणीयंत्रापुढे उभं राहणं, फवारणी, डोक्यावरून अंघोळ हे सगळं बंद. रात्री डोळ्यावर झाकण बांधून झोपावं लागतं. आणि त्यापुढेही जन्मभर विहिरीत, तळ्यात, पाटाच्या पाण्यात डोकं बुडवायचं नाही. फवारताना आणि मळणीच्या वेळी डोळे पूर्ण झाकणारा चष्मा घालायचाच.

एक गोष्ट मात्र कधीच विसरू नये. शस्त्रक्रिया झालेला डोळा कितीही वर्षांनी लाल झाला, चिकट पू आला, दुखायला लागला किंवा एकाएकी कमी दिसायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. उद्या बाजार आहे, परवा लग्न आहे, असं म्हणायचं नाही. तसा संसर्ग एका-दोन दिवसांत डोळा नेतो.

आता सगळ्यांनीच शस्त्रक्रिया करावी असं मी म्हणतोय का? नाही. आमच्याच भागातल्या एका बाई आहेत, ऐंशीच्या पुढच्या. काचबिंदू त्यांनाही आहे, बराच पुढे गेलेला. पण रात्री एक थेंब टाकला की दाब तेराच्या आसपास राहतो, तीन वर्षांत कडेची नजर हललेली नाही. सून शिक्षिका आहे, कॅलेंडरवर रोज खूण करते. त्यांना डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली नाही, आणि ते योग्यच आहे. थेंबांनी दाब हवा तितका येत असेल, टाकणारं माणूस घरात असेल, महिन्याचा खर्च पेलत असेल आणि तपासणीत नजर टिकलेली दिसत असेल, तर थेंब उत्तम. यातली एखादी गोष्ट नसेल तर शस्त्रक्रियेचा विषय आपण स्वतः काढावा. सगळी औषधं थकल्यावरचा शेवटचा उपाय म्हणून ती मागे मागे ढकलू नये. तोवर राखायला नजरच उरत नाही. लेसरचाही एक उपाय आहे. तो लवकरच्या पायरीवर उपयोगी, एवढ्या पुढे गेलेल्या रोगात बहुधा एकटा पुरत नाही.

आणखी एक. काचबिंदूचा दुसरा प्रकार आहे, त्यात निचऱ्याचा कोपराच बंद होतो. त्यात कधी एकाएकी डोळा लालभडक होतो, डोकं फुटल्यासारखं दुखतं, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. लोक पित्त समजून लिंबू-सोडा घेत बसतात. तसं झालं तर रात्र असली तरी निघायचं. त्याची उपचाराची वाट वेगळी आहे. आज मी जे थेंब की शस्त्रक्रिया म्हणून बोलतो आहे ते नेहमीच्या, न दुखणाऱ्या प्रकाराबद्दल.

थेंब टाकणाऱ्यांसाठी थोडं. हात धुवावेत. मान मागे करून खालची पापणी ओढावी, एकच थेंब टाकावा. दोन टाकले म्हणून दुप्पट गुण येत नाही, बाटली मात्र लवकर संपते. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरावा, म्हणजे औषध घशात आणि रक्तात उतरत नाही. दुसरा थेंब पाच मिनिटांनी. ज्यांना दमा आहे किंवा ज्यांच्या नाडीचे ठोके मंद आहेत, त्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावं, कारण टिमोलॉल नावाचा नेहमीचा थेंब अशांना चालत नाही. डोळ्यात टाकलेल्या औषधाने दम लागू शकतो हे आपल्या मनातही येत नाही. काही थेंबांनी डोळा थोडा लाल होतो, पापणीचे केस लांब होतात, पापण्यांभोवतीची कातडी काळवंडते. घाबरून बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं. यातली काही औषधं जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात. आणि मध, कांद्याचा रस, पाल्याचे थेंब, यातलं काहीही डोळ्यात घालू नये.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. आपली शस्त्रक्रिया त्यात बसते का आणि आपण जात असलेला दवाखाना योजनेत आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला तारीख घेण्याआधी विचारावं. रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्यावं. आपल्या भागातले लोक बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात, नाहीतर जालना, अकोला, छत्रपती संभाजीनगर इथे जातात. कुठेही जा, पण विचारून घ्या की काचबिंदूची शस्त्रक्रिया नेहमी करणारे डॉक्टर तिथे आहेत का, आणि नंतरच्या खेपांना तेच डॉक्टर भेटतील का. एस.टी.त पंचाहत्तरीच्या पुढे भाडं नाही, पासष्ट ते पंचाहत्तर निम्मं, आणि सोबत जाणारी बाई असेल तर तिलाही निम्मं. ओळखपत्र मात्र लागतं. खेपा जास्त असतात म्हणून हे सांगितलं.

ज्याच्या घरात एकाला काचबिंदू निघाला त्याच्या सख्ख्या भावाबहिणींनी आणि मुलांनी डोळे तपासून घ्यायलाच हवेत. हा रोग घराण्यात उतरतो. "आम्हाला दिसतं" हे कारण चालणार नाही. मोठ्या बाबांनाही दिसत होतं. माझे वडील त्यांचे सख्खे भाऊ. त्यांना मी नेलं. दाब २४ निघाला, नस अजून चांगली आहे, रात्रीचा एक थेंब सुरू केलाय. मीही तपासून घेतलं आहे, दरवर्षी घेणार आहे.

मोठ्या बाबांच्या शस्त्रक्रियेला आता दीड वर्ष होत आलं. दाब बारा-तेरा असतो, थेंबाशिवाय. आधी दिसत होतं तेवढंच दिसतं, जास्त नाही, आणि ते मला दर भेटीत ऐकवतात की एवढे पैसे घातले पण दिसतं तेवढंच. मोतीबिंदू थोडा वाढू लागलाय, शस्त्रक्रियेनंतर तो लवकर वाढतो असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. डाव्या अंगाने त्यांना दिसत नाही, म्हणून बैलांजवळ आता एकटे जात नाहीत. पण यंदा सोयाबीनमधलं गवत त्यांनी स्वतः पाहून मला फोन केला होता, कुठलं तणनाशक मारू म्हणून. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. तारीख मोठ्या आईने भिंतीवर कोळशाने लिहून ठेवली आहे.

आपल्यापैकी कोणाच्या घरी अशी अडचण असेल तर मागचे तपासणीचे सगळे कागद, जुनेसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यावेत. सगळे कागद शेजारी ठेवले तरच रोग किती वेगाने पुढे सरकतो आहे ते कळतं. आणि त्यांना सरळ विचारावं, माझा दाब किती हवा, थेंबांनी तिथवर येतो आहे का, नाही आला तर पुढे काय.